दिवाळीच्या चकलीचा जोडधंदा: हिशोब कढईपासून सुरू होतो

घरच्या चकलीला गिऱ्हाईक मिळेल का, ही चिंता करायचं कारण नाही. मिळतं. अडचण येते ती कढईची. घरगुती मोठ्या कढईत एका घाण्याला दहा चकल्या मावतात. एक घाणा नीट तळायला आठ मिनिटं लागतात. मध्यम आकाराची चकली तळून गार झाल्यावर १८ ते २० ग्रॅम भरते. म्हणजे तासाला सत्तर चकल्या, वजनात सव्वा किलोच्या थोडं वर. आच वाढवून हा वेग वाढत नाही. वाढवलात तर चकली बाहेरून लाल होते आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडते.

आता दिवस मोजा. दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत वीस दिवस असतात. त्यातले पहिले पाच-सात ऑर्डरी घेण्यात आणि सामान भरण्यात जातात. नोकरी सांभाळून रोज संध्याकाळी तीन तास धरले तर दहा दिवसांचे तीस तास होतात, आणि दोन रविवारी सहा-सहा तास. एकूण बेचाळीस तास, म्हणजे फार तर पन्नास किलो चकली, तीही दोन माणसं असतील तर: एक सोऱ्यावर, एक झाऱ्यावर. यापुढची प्रत्येक ऑर्डर ‘हो, देते’ म्हणून घेतलीत की वसुबारसेला रात्री दोन वाजता तुम्ही कच्ची चकली तेलातून बाहेर काढत असाल.

म्हणून शहाणपणाचा रस्ता असा, की चकलीच्या जोडीला चकलीची भाजणीही विकायची. ज्या घरात चकली अजून स्वतः तळतात, पण दळणाचा खटाटोप नको असतो, अशी घरं पुण्या-मुंबईतच काय, तालुक्याच्या गावीही भरपूर आहेत. भाजणीला कढई अडवत नाही, ती मोडत नाही, तेलाचा भाव वाढला तरी तिला झळ लागत नाही आणि कोरडी राहिली तर दोन महिने टिकते.

भाजणी

एका वेळच्या मापाचं प्रमाण: तांदूळ १ किलो, हरभरा डाळ ५०० ग्रॅम, उडीद डाळ २५० ग्रॅम, मूग डाळ १२५ ग्रॅम, जाडे पोहे १२५ ग्रॅम, धणे ५० ग्रॅम, जिरे २५ ग्रॅम. सगळं मिळून २ किलो ७५ ग्रॅम. भाजताना ओल उडते, गिरणीत थोडं राहतं, चाळताना थोडं जातं. हातात येतं ते १ किलो ९०० ग्रॅमच्या आसपास. विकायचं असेल तर वाटीचं माप सोडा, सगळं वजनाने घ्या. वाटी दर वेळी वेगळी भरते आणि गिऱ्हाईक मात्र गेल्या वर्षीचीच चव मागतं.

तांदूळ जुना आणि साधा घ्या. नव्या तांदळात चिकटपणा जास्त, त्याची चकली मऊ पडते. महागडा सुवासिक तांदूळ इथे फुकट जातो. तांदूळ आणि डाळी धुऊन, निथळून, सुती कापडावर पंख्याखाली रात्रभर पसरा. उन्हात वाळवू नका, तांदूळ तडकतो. मूठभर धान्य हातात दाबून सोडल्यावर तळव्याला ओल लागली नाही म्हणजे ते भाजायला तयार. पोहे, धणे, जिरे धुवायचे नाहीत.

भाजायचं ते प्रत्येक जिन्नस वेगळं, मध्यम आचेवर, जाड बुडाच्या कढईत. तांदूळ पांढराच राहून हलका होतो, दाताखाली कटकन तुटतो. त्याचा रंग बदलू द्यायचा नाही. हरभरा डाळीला गुलाबीसर छटा आणि खमंग वास आला की उतरवा. उडीद डाळ फिकट सोनेरी झाली की बस. पोहे बोटांत चुरले गेले पाहिजेत. धणे-जिरे नुसते गरम करायचे. डाळी जास्त भाजल्या गेल्या तर पिठाचा चिकटपणा जातो, मग सोऱ्यातून पडतानाच चकली तुकडे तुकडे होते. कमी भाजल्या तर कच्चट वास राहतो, आणि तो वास तिखटाखाली लपत नाही.

भाजलेलं धान्य पूर्ण गार करून गिरणीत न्या. इथे एक गोष्ट तोंडाने सांगावीच लागते: ‘आधी काय दळलंय?’ गव्हावर भाजणी दळली तर गव्हाचं पीठ त्यात मिसळतं आणि चकली वातड होते. ज्वारी-बाजरीवर दळली तर रंग काळपट येतो. तांदळावर किंवा हरभरा डाळीवर घालायला सांगा. तेही जमत नसेल तर पहिलं अर्धा किलो पीठ वेगळ्या पिशवीत घ्या आणि घरच्या धिरड्यांना वापरा. दळण बारीक हवं. घरी आणून मैद्याच्या चाळणीने चाळा, कारण धण्याचं एक टरफल चकतीच्या टोकात अडकलं की तिथून पुढच्या प्रत्येक चकलीचा एका बाजूचा काटा तुटका निघतो. आणि गिरणीतून आलेलं गरम पीठ लगेच पिशवीत बांधायचं नाही. ते घामेजतं, गुठळ्या होतात, आठवड्यात कुबट वास धरतं. परातीत पसरून दोन-तीन तास गार करा, मगच भरा.

पितृपक्षात गिरणीला गर्दी कमी असते, गिरणीवाला ऐकूनही घेतो. दसऱ्यानंतर तो कुणाचंच ऐकत नाही. पहिली पंधरा-वीस किलो भाजणी तेव्हाच दळून ठेवा.

चकली

एक किलो भाजणीला: मीठ २० ते २२ ग्रॅम, लाल तिखट २५ ते ३० ग्रॅम, पांढरे तीळ ४० ग्रॅम, ओवा ८ ग्रॅम, हळद ५ ग्रॅम, हिंग ३ ग्रॅम आणि मोहनाला १२० मिलिलिटर तेल. पाणी १.२ ते १.३ लिटर. वाटीने सांगायचं तर एक वाटी भाजणीला पाऊण वाटीच्या थोडं पुढे. तांदूळ जितका जुना, तितकं पाणी जास्त लागतं, म्हणून दर नव्या दळणाचा पहिला पाव किलो आधी तळून पाहायचा आणि पाण्याचा आकडा वहीत लिहायचा.

मोहन कडकडीत तापवून कोरड्या पिठावर घाला, चमच्याने आणि मग हाताने चोळून घ्या. मूठ वळून पाहा: गोळा धरला पाहिजे, पण बोट लावताच फुटला पाहिजे. दुसऱ्या पातेल्यात पाण्याला उकळी आली की त्यात मीठ, तिखट, तीळ, ओवा, हळद, हिंग घालून ते पाणी पिठावर ओता, उलथन्याने ढवळा आणि अर्धा तास झाकून ठेवा. या उकडीतच पीठ फुगतं. घाईत दहा मिनिटांत झाकण काढलं तर चकली तेलात सुटण्याची निम्मी तयारी झालीच म्हणून समजा. मग एका वेळी एकाच सोऱ्याला पुरेल एवढा गोळा घ्यायचा, पाण्याचा हात लावत तीन-चार मिनिटं खसखसून मळायचा. सगळं पीठ एकदम मळून ठेवलं की शेवटचा गोळा वाळतो.

सोऱ्या पितळी आणि फिरवायचा घ्या, दाबायचा नको. पन्नास किलोला दाबायच्या सोऱ्याने खांदा जातो. चकतीतल्या चांदणीची टोकं धारदार असावीत, झिजलेल्या चकतीने काटे येत नाहीत. चकली पाडायला बटर पेपरचे चौकोनी तुकडे करून घ्या, प्रत्येकावर एक. मध्यापासून तीन वेढे, शेवटचं टोक बाहेरच्या वेढ्याला चिकटवून दाबायचं. हे टोक सुटं राहिलं तर तेलात वेढा उलगडतो. कागदासकट उचलून हातावर उलटी करायची आणि कढईच्या कडेने सोडायची.

तेल तापलं का, हे पाहायला सुपारीएवढा गोळा टाका. तो तळाशी जाऊन दोन-तीन सेकंदांत वर आला पाहिजे. टाकताच वर उसळला तर तेल फार गरम, तळाशीच बसून राहिला तर गार. थर्मामीटर असेल तर सोडताना १७५ अंश, मग आच कमी करून १६० वर तळणं. सोडल्यावर दोन मिनिटं झारा लावू नका, बाहेरचा थर घट्ट होऊ द्या. एकदाच उलटा. बुडबुडे ओसरले आणि तेलाचा चरचर आवाज बसला की चकली झाली. रंगावर जाऊ नका, तिखट गडद असेल तर कच्ची चकलीही लाल दिसते. खात्री करायची असेल तर पहिल्या घाण्यातली एक गार करून मोडा. आत नळी पडलेली दिसली पाहिजे, पोकळ आणि कोरडी. आत ओलसर भरीव पीठ दिसलं तर आच मोठी होती.

बिघाड आणि त्यांची कारणं एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात की भलताच उपाय केला जातो. चकली पाडताना तुटते, तेव्हा बहुतेकदा पीठ कोरडं असतं. पाण्याचा हात लावून पुन्हा मळा, तरी तुटली तर डाळी जास्त भाजल्या गेल्यात, मग पाव किलोला दोन चमचे उडदाचं पीठ घाला. काटे येत नाहीत, म्हणजे पीठ सैल झालंय. थोडी कोरडी भाजणी मळा. तेलात विरघळते, तेव्हा एकतर मोहन जास्त झालंय किंवा तेल गार होतं. आधी तेल बघा, कारण तेच सोपं आहे. तेल बरोबर असूनही विरघळत असेल तर त्या पिठात मोहन नसलेली उकड मिसळा. कडक, दात दुखवणारी चकली म्हणजे मोहन कमी. तेलकट म्हणजे मंद आच किंवा एका घाण्यात जास्त चकल्या. थंड पीठ पडून तेलाचं तापमान खाली येतं. आणि दुसऱ्या दिवशी मऊ, हे सर्वांत महाग पडणारं दुखणं, कारण ते गिऱ्हाइकाच्या घरी कळतं: मोठी आच, नाहीतर गरम असताना भरलेलं पाकीट.

तळलेली चकली वर्तमानपत्रावर निथळायची सवय मोडा. छपाईची शाई अन्नात उतरते आणि अन्न वर्तमानपत्रात गुंडाळायला एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मनाई आहे. स्टीलच्या जाळीवर उभ्या लावा, तेल खाली गळतं. मुंबईत, कोकणात, गोव्यात ऑक्टोबरची हवा दमट असते. तिथे गार झालेली चकली तासभर उघडी राहिली तरी सादळते. देशावर थोडी सवलत मिळते.

तेलाबद्दल काटकसर करू नका. रोज गाळून त्यात नवं तेल घालत गेलात तरी काळपट झालेलं, फेसाळणारं, उचलताना तार धरणारं तेल टाकावंच लागतं. तळणाच्या तेलातल्या ‘टोटल पोलर कंपाउंड’चं (तेल पुन्हापुन्हा तापवल्याने बिघडून तयार होणाऱ्या घटकांचं) प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. तपासायचं यंत्र घरी नसतं. पण जुन्या तेलाचा खवट वास चकलीला चौथ्या दिवशी येतो आणि तेव्हा पाकीट तुमच्या हातात नसतं.

भाव

खालचे दर नमुन्याचे आहेत. तुमच्या वाण्याची पावती समोर ठेवून आकडे बदला, पद्धत तीच ठेवा.

वर दिलेल्या मापाच्या भाजणीचं सामान १७८ रुपये, दळणावळ २०, भाजायचा गॅस १५. एकूण २१३ रुपयांत १.९ किलो, म्हणजे किलोला ११२. अर्ध्या किलोची दोन पाकिटं आणि लेबलं मिळून १०. चार किलोच्या एका खेपेला धुणं, भाजणं, चाळणं, भरणं यात अडीच तास जातात. तासाला ७० रुपये मजुरी धरली तर किलोला ४४. बेरीज १६६. भाजणी २४० ला विकली तर मजुरी सुटून वर ७४ रुपये.

चकलीचा हिशोब एक किलो भाजणीवर करा. भाजणी ११२. मोहनाचं आणि चकलीत मुरलेलं तेल मिळून साधारण ३९० ग्रॅम, ५८ रुपये. टाकून द्यावं लागणारं तेल १८. तीळ ९, तिखट १२, मीठ-ओवा-हळद-हिंग ५, गॅस २५, पाकिटं ३२. झाले २७१. यातून १.३५ किलो चकली होते, मोडकी वगळता विकण्याजोगी १.२८ किलो. इथपर्यंत आलं की किलोला २१२ रुपये पडतात आणि ४०० ला विकली तरी जवळजवळ दुप्पट पैसे येतात असं वाटतं. पण दोन माणसांचे दीड-दीड तास, म्हणजे तीन तासांची मजुरी २१० रुपये त्यात घाला. ४८१ ला १.२८ ने भागा: ३७६. आता ४०० च्या भावात किलोला २४ रुपये उरतात, आणि डिलिव्हरीला एकदा रिक्षा केली की तेही जातात. या दरांत घरच्या चकलीचा भाव ५०० च्या खाली ठेवण्यात अर्थ नाही. ‘बाजारात ३०० ला मिळते’ म्हणणाऱ्याला बाजारातूनच घेऊ द्या. त्याच्यासाठी भाव पाडला की शेजारच्या तिघांनाही तोच द्यावा लागतो.

मोडकी चकली फेकू नका. चुरा वेगळ्या पाकिटात, निम्म्या भावात, भेळेला आणि दह्यात घालायला सहज जातो. शेवटच्या गोळ्याच्या उरलेल्या पिठाची हाताने कडबोळी वळा.

ऑर्डर आणि कागदपत्रं

ऑर्डर अर्ध्या किलोच्या पटीत घ्या, निम्मे पैसे यूपीआयने आगाऊ. फोनवरचं ‘माझं दोन किलो धर गं’ ही ऑर्डर नसते. वहीत रोजच्या तासांचे रकाने पाडून ठेवा: सोमवारी तीन तास, म्हणजे साडेतीन किलो. ते भरले की पुढचं नाव मंगळवारी. परदेशी जाणाऱ्या फराळाची गिऱ्हाइकं महिनाभर आधी माल मागतात आणि भावाची घासाघीस करत नाहीत. त्यांना कडक पुठ्ठ्याच्या डब्यात, चकल्या एकावर एक रचून, मध्ये बटर पेपर घालून द्या. कस्टमचे कागद कुरिअरवाला आणि गिऱ्हाईक बघून घेतील, ती जबाबदारी अंगावर घेऊ नका.

अन्न विकायचं म्हणजे एफएसएसएआय नोंदणी हवी, मग ते घरून का असेना. एवढ्या छोट्या उलाढालीला बेसिक नोंदणी पुरते. एफएसएसएआयच्या फॉसकॉस या ऑनलाइन अर्जाच्या पोर्टलवर फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा लागतो. दलालाला हजार-दोन हजार देण्यासारखं त्या अर्जात काही नाही. पण सप्टेंबरमध्येच करा, कारण नंबर आल्याशिवाय लेबल छापता येत नाही. लेबलावर पदार्थाचं नाव, घटक जास्तीपासून कमीकडे, निव्वळ वजन, सर्व करांसहित किंमत, तयार केल्याची आणि ‘या तारखेपूर्वी वापरा’ची तारीख, बॅच नंबर, हिरवा शाकाहारी ठिपका, तुमचं नाव-पत्ता-फोन आणि नोंदणी क्रमांक. शेंगदाणा तेल वापरत असाल तर तसं स्पष्ट लिहा. शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्याला ते कळलं पाहिजे. पाकिटं आधीच भरून दुकानात ठेवायची असतील तर वैधमापन (वजन-मापं तपासणाऱ्या) खात्याकडे पॅकर म्हणून नोंदणी लागते. वजनकाटाही त्यांचा शिक्का असलेला हवा, स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा विक्रीला चालत नाही. मालाच्या विक्रीवर महाराष्ट्रात जीएसटी नोंदणीची मर्यादा ४० लाखांची आहे, तेव्हा पन्नास किलो चकलीने झोप उडवून घेऊ नका. गॅसचं मात्र लक्षात ठेवा: १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही, १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो. वरच्या हिशोबातले २५ रुपये त्याच दराने धरलेत.

पाकिटावर टिकण्याची मुदत किती छापायची, हे शेजारणीला विचारून ठरवू नका. गणपतीनंतर तळलेल्या चाचणीच्या खेपेतली चार पाकिटं बंद करून ठेवा आणि दहाव्या, पंधराव्या, एकविसाव्या आणि तिसाव्या दिवशी एकेक फोडा. आधी वास, मग मोडून आवाज, मग चव. खवटपणा ज्या दिवशी पहिल्यांदा जाणवेल त्याच्या आठवडाभर आधीची मुदत छापा. विक्रीच्या प्रत्येक बॅचमधलंही एक पाकीट असंच बाजूला ठेवा आणि ती पाकिटं तुळशीच्या लग्नाच्या दिवशी उघडा. एखाद्या गिऱ्हाइकाची तक्रार आली असेल तर त्या बॅचचं पाकीट तुमच्या हातात असतं, आणि चूक तेलाची होती की त्यांच्या उघड्या डब्याची, हे चव घेऊन सांगता येतं.